रांगेतली फाइल आणि अडकलेली फाइल

दादाने न्यू जर्सीहून माझ्यासाठी अर्ज केला तो मार्च 2008 मध्ये. सख्ख्या भावंडासाठी करतात तो, आय-130. तेव्हा लेक चार वर्षांचीही नव्हती. जून 2011 मध्ये अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं, मुलुंडच्या आमच्या मजल्यावर मी पेढे वाटले. मला वाटलं, झालंच आता. मे 2025 मध्ये लेकीला एकविसावं पूर्ण झालं आणि आम्ही अजून मुलुंडमध्येच.

एकविशी उलटली की मूल आईवडिलांच्या अर्जातून गळतं, एवढंच माझ्या कानावर होतं. रात्रभर झोप लागली नाही. घाटकोपरच्या एका एजंटाने सांगितलं, "सतरा वर्षं म्हणजे अतीच. अमेरिकेच्या कोर्टात मँडॅमस टाकू." दोन लाख आगाऊ. माझा विश्वास बसला, कारण बोरिवलीच्या नणंदेच्या मुलीला खरोखरच तसा फायदा झाला होता. नवरा अमेरिकन नागरिक, मुलाखत झालेली, कागद पुरे, तरी वर्षभर फाइल हलेना. त्याने तिथल्या फेडरल न्यायालयात दावा लावला. सरकारला उत्तराला साठ दिवस असतात. ते संपायच्या आतच तिचा व्हिसा आला.

पैसे भरण्याआधी आमच्या इमारतीतल्या वकीलकाकांकडे गेले. त्यांनी आधी शब्द उलगडला. मँडॅमस म्हणजे परमादेश. आपल्याकडे कलम 226 खाली उच्च न्यायालय सरकारी कार्यालयाला 'तुझं कर्तव्य कर' असं बजावू शकतं, तसंच तिथलं जिल्हा न्यायालय. पण ते 'निर्णय दे' एवढंच सांगतं, 'व्हिसा दे' असं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझी फाइल अडकली आहे की रांगेत आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. सतरा वर्षं थांबलेल्या माणसाला दोन्ही सारखंच वाटतं.

पण कायद्याला ते सारखं नाही. नागरिकाच्या नवरा-बायकोला संख्येची मर्यादा नाही, म्हणून भाचीची फाइल थांबली ती कुणाच्या तरी टेबलावर. भावंडांसाठी मात्र साऱ्या जगाला मिळून वर्षाला 65,000 व्हिसा, शिवाय एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीय भावंडांची तारीख, म्हणजे कधीपर्यंत दाखल झालेल्या अर्जांचा नंबर लागला ती, 2025 मध्येही 2006 सालातच होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्यांना डावलून मला आत घे, असं कुठलं न्यायालय म्हणेल? संख्या अमेरिकेच्या संसदेने ठरवली आहे. ती न्यायाधीश वाढवत नाही. हे ऐकून मी तिथेच रडले.

काकांनी मग पाटीवर काढावा तसा हिशेब कागदावर मांडला. 2002 च्या एका अमेरिकन कायद्याप्रमाणे, अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून होता तितका मुलाच्या वयातून वजा होतो. मार्च 2008 ते जून 2011, म्हणजे सव्वातीन वर्षं. वय मोजायचं ते आमचा नंबर लागेल त्या दिवशीचं. म्हणजे लेक सव्वाचोवीस वर्षांची होईपर्यंत, ऑगस्ट 2028 पर्यंत, आमच्यासोबत जाऊ शकते. नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत तिच्यासाठी पाऊल मात्र उचलायला हवं. त्या सव्वातीन वर्षांत मी दादाला फोनवर किती बोलले होते, 'काहीतरी कर, लवकर मंजूर करून घे.' तेव्हा दावा लावून अर्ज लवकर मंजूर करून घेतला असता, तर आज वजा करायला इतका काळ उरला नसता. आणि एकदा लेक गळली तर आमच्या अर्जाची जुनी तारीखही तिला मिळणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तसा निकाल दिला आहे.

एजंटाकडे मी परत गेले नाही. तुमच्याही घरी असा अर्ज असेल, तर कुणालाही पैसे देण्याआधी अर्जाची पोच आणि मंजुरीचं पत्र शोधून काढा, दोन्हींवरच्या तारखा लिहून घ्या आणि चालू महिन्याच्या बुलेटिनशी ताडून पाहा. आमची तारीख अजून आलेली नाही.