राखाडीचा हिशेब

आपल्याकडे बर्फ पडत नाही, ही माझी जुनी तक्रार. कृष्णधवल हिवाळ्याची कुठलीही परदेशी पुस्तकं उघडा, पानभर बर्फ आणि त्यात एकटं काळं झाड. दख्खनवरच्या माणसाच्या वाट्याला पांढरं म्हणून येतं ते धुकं. उजनीच्या जलाशयावर डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठपर्यंत ते मिळालं तर मिळालं.

पहिल्या वर्षी जलाशयाकाठच्या भिगवणहून ३६ फोटोंचा अख्खा रोल भरून आणला आणि त्यातला एकही धड निघाला नाही. धुकं चुलीतल्या राखेसारखं मळकट आलं होतं. चूक माझीच. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं, असं धरून चालतो. त्याला धुकं दाखवा, तो राखाडी करून देतो. कोळसा दाखवा, तोही राखाडी. म्हणून धुक्यात तो सांगेल त्याहून एक-दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. एवढ्या उजेडात आणखी उजेड द्यायला हात धजावत नाही, पण धुक्याचं धुकेपण तेव्हाच टिकतं.

दुसऱ्या वर्षी एवढं जमलं, तर डेव्हलपरने दगा दिला. डी-७६ला २० अंशांचं पाणी लागतं आणि जानेवारीच्या पहाटे आमच्या टाकीतलं पाणी जेमतेम पंधरा. गारठ्यात रसायनही अंग चोरतं. वेळ तीच ठेवली, निगेटिव्ह फिकी आली. तेव्हापासून आमच्या न्हाणीघरात बंबाचं कोमट पाणी बादलीत, बादलीत फिल्मचा टँक, माझ्या हातात थर्मामीटर आणि दाराबाहेर आंघोळीसाठी खोळंबलेलं घर, असा हिवाळा साजरा होऊ लागला.

पण मला खरं शिकवलं ते काटेसावरीने. जानेवारीच्या शेवटी सासवडच्या वाटेवर एक सावर पान न् पान झाडून फुलली होती. वर निळंशार आकाश, त्यावर लालभडक फुलं. डोळ्यांना यापेक्षा ठसठशीत काय हवं? फोटोत मात्र फुलं नाहीशी झाली. तो लाल आणि तो निळा, दोघंही फिल्मवर जवळजवळ एकाच राखाडीचे झाले होते. पुढच्या रविवारी लाल फिल्टर लावून गेलो. तो तीन स्टॉप प्रकाश गिळतो, त्यामुळे स्टँड लागला. हा फिल्टर लाल उजेड आत सोडतो आणि निळा अडवतो. आकाश काळवंडलं आणि फुलं पांढरी होऊन पुढे आली. हिरवा फिल्टर लावला असता तर तीच फुलं काळी झाली असती. एकच झाड आणि एकच सकाळ. कुठली राखाडी कुणाला द्यायची ते मीच ठरवायचं होतं. इतकी वर्षं मी फोटो ‘घेत’ होतो, ठरवत काहीच नव्हतो.

(हाच फिल्टर धुक्यात लावून पाहिला, काडीचा उपयोग झाला नाही. दूरच्या डोंगरांवरची निळसर धूसरता तो कापतो. धुक्यातले पाण्याचे थेंब मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, मग फिल्टर कापणार काय?)

भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीवाल्याला माझं हे वेड पटत नाही. “काका, तिकडं रोहित बसलेत, रंगीत काढा की,” तो दर वर्षी म्हणतो. त्याचं बरोबर आहे. रंग काढून घेतला की रोहित म्हणजे नुसता उंच पायांचा फिकट पक्षी. तिबेट-मंगोलियाकडून येणारा पट्टकादंब मात्र डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांसकट शाबूत राहतो. म्हणून रोहित दिसले की मी कॅमेरा मांडीवर ठेवतो आणि नुसता बघत बसतो.

आता डिजिटल कॅमेरा माझ्याकडेही आहे. लाल फिल्टरचं काम घरी बसून संगणकावर होतं आणि तेही खुशाल करावं असं माझं मत. पण रंगीत फोटो फसला म्हणून तो कृष्णधवल करणं म्हणजे दूध नासलं म्हणून पनीर करणं. खाता येतं, पण पाहुण्याला पनीरच करायचं होतं असं सांगू नये.

या थंडीत भिगवणला जाणार असाल तर साडेसहाला काठावर असा. नऊ वाजता धुकं गेलेलं असतं.