ओटला

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी लिहायचे असते, तर ‘ओटला’ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागले असते. आपल्या इंदूर-देवास-उज्जैनकडच्या मराठी घरांना त्याची गरज नाही. दुकान आणि रस्ता यांच्यामधली ती हातभर उंच, चार फूट रुंद जागा. कागदोपत्री ती बहुधा कोणाचीच नसते आणि व्यवहारात सगळ्यांची असते. आमच्या दुकानालाही असा ओटला होता. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे गेली तीन-चार वर्षे मनात होते. पण लिहायला बसलो की हात अडत असे. का अडत असे, ते पुढे येईलच.

खजुरी बाजारात आमचे पुस्तकांचे दुकान. आजोबांनी सुरू केले, वडिलांनी वाढवले आणि माझ्या धाकट्या भावाने सांभाळले. मी शिकून शाळेत गेलो, तो गल्ल्यावर बसला. पुढच्या फळ्यांवर शाळांची हिंदी पाठ्यपुस्तके, वह्या, पट्ट्या, कंपासपेट्या. मागच्या एका काचेच्या कपाटात पुण्याहून मागवलेली मराठी पुस्तके. दिवाळीच्या आधी आठवडाभर दिवाळी अंकांचे गठ्ठे येत. मग रामबाग, लोधीपुरा, नारायण बाग इथली मंडळी संध्याकाळी येत आणि ओटल्यावर बसून अंक चाळत. काही जण निम्मा अंक तिथेच वाचून संपवत आणि ‘यंदा काही दम नाही’ असे म्हणून परत ठेवत. वडील हसत. म्हणत, “वाचला ना? मग अंकाचं काम झालं.”

रात्री आठला दुकान बंद झाले की ओटल्याचा मालक बदले. सराफ्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. दिवसा जिथे सोन्याचे तोळे-मासे मोजले जातात, तिथेच रात्री बंद दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याची पॅटिस, साबुदाण्याची खिचडी आणि ताटलीएवढा जिलेबा मिळतो. आमच्याकडे एकच गृहस्थ येत, ते गराडूवाले. हिवाळा लागला की त्यांची हातगाडी बाजूला उभी राही, कढई आणि परात ओटल्यावर येई. तळलेल्या गराडूवर जीरावण आणि लिंबू पडले की जो वास सुटे, तो वह्यांच्या कोऱ्या कागदाच्या वासात मिसळून माझ्या लहानपणात कायमचा राहिला आहे. भाडे म्हणून काही नव्हते. रात्री निघताना ते ओटला पाण्याने धुऊन जात. हंगामातली पहिली बशी आमच्या घरी येई आणि जूनमध्ये त्यांच्या मुलांची वह्या-पुस्तके आमच्या दुकानातून जात. हा करार कोणी केला, केव्हा केला, कोणालाच माहीत नव्हते.

१९९६ च्या धनत्रयोदशीची संध्याकाळ. राजवाड्यापासून गोराकुंडापर्यंत माणसाला माणूस घासत होता. दुकानात वडिलांच्या छातीत कळ आली आणि ते गल्ल्यावरच कलंडले. मी तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून कायम झालो होतो आणि सुट्टीत मदतीला उभा होतो. रिक्षा आत येणे शक्य नव्हते; रुग्णवाहिकेचे तर नावच नको. गराडूवाल्यांनी एका हाताने कढई खाली उतरवली, पेटती शेगडी ओटल्याच्या कोपऱ्यात सरकवली आणि म्हणाले, “मास्साब, बाबूजी को ठेले पे लो.” त्या हातगाडीवर वडिलांना निजवून, “हटो भिया, हटो” असे ओरडत त्यांनी कृष्णपुऱ्यापर्यंत वाट काढली. तिथे वाहन मिळाले आणि आम्ही एम. वाय. रुग्णालयात पोहोचलो. वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले. त्या रात्री गराडूवाल्यांचा सगळा माल वाया गेला. त्याचे पैसे द्यायला मी गेलो, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ही आठवण मी पुष्कळदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी माणुसकीची गोष्ट म्हणून सांगितली आहे. तिची दुसरी बाजू मात्र उशिरा ध्यानात आली. ज्या रस्त्यावरून मरणाऱ्या माणसाला नेता येत नाही, तो रस्ता कितीही जिव्हाळ्याचा असला तरी अरुंदच असतो.

करोनाच्या साथीनंतर रस्ता रुंद करण्याचे काम आमच्या बाजारापर्यंत आले. मोजणीची माणसे आली, भिंतीवर लाल खूण झाली. नऊ फूट. म्हणजे चार फुटांचा ओटला आणि दुकानाची पाच फूट. पुष्कळ जणांनी केले तेच आम्हीही केले. यंत्राची वाट न पाहता आपलाच गवंडी लावून दर्शनी भाग उतरवला. निदान विटा तरी शाबूत राहतात. गराडूवाले तोपर्यंत वारले होते आणि त्यांचा मुलगा बसत असे. ओटल्याच्या काळ्या फरश्या काढताना तो आपण होऊन आला आणि एकेक फरशी पहारीने अलगद सोडवू लागला. त्यांतल्या तीन अखंड निघाल्या. त्या आम्ही सुदामानगरच्या घरी नेऊन जिन्याखाली ठेवल्या. जाताना त्याने विचारले, “मास्साब, अब हम कहाँ बैठेंगे?” मी मुख्याध्यापक, शाळेतल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे असतात. याचे नव्हते.

उत्तर नव्हते म्हणून मी भाषण केले. आपल्याकडे हा उपाय प्रचलित आहे. मराठी मंडळींच्या एका छोट्या कार्यक्रमात मी ‘गेडिस आणि इंदूर’ या विषयावर बोललो. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी काम करायला इंदुरात होते आणि त्यांचा शहराविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनीच सुरू केला. मी समाजशास्त्राचा एम. ए. असल्यामुळे हे नाव माझ्या कानावर पहिल्याच तासाला पडले होते. जुन्या वस्तीत सुधारणा करताना शल्यवैद्याने कापावे तेवढेच, लागेल तेवढेच कापावे, असे त्यांचे म्हणणे. सबंध रांग पाडून सरळ रस्ता काढण्यापेक्षा एखादे पडके घर काढून तिथे मोकळा चौक करावा, झाड लावावे आणि बाकीची घरे दुरुस्त करावीत.

आणि इंदूरच्या १९१७ च्या दिवाळीची ती सुप्रसिद्ध हकीकत! प्लेगचे दिवस होते. गेडिस यांना एका दिवसापुरते ‘महाराज’ करण्यात आले. त्यांनी जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील, तिथूनच जाईल. मग काय! शहर झाडूनपुसून निघाले. मिरवणुकीत प्लेगचा मोठा उंदीर होता, हिवतापाचा डास होता आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यांत हार घातलेले सफाई कामगार होते. शेवटी घाणीच्या राक्षसाबरोबर उंदराचेही दहन झाले. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येणाऱ्या शहराला शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट ऐकून आनंद झाला. टाळ्या पडल्या. मी ओटल्याविषयी बोललो तेव्हा दोघा-चौघांनी डोळे पुसले. भाऊ शेवटच्या रांगेत बसला होता. तो काहीच बोलला नाही.

त्यानंतर महिनाभरात पुतण्याने विषय काढला. त्याने हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यास केला आहे. दुकानाच्या उरलेल्या जागेत खाली आणि वरच्या पोटमाळ्यावर कॉफीचे उपाहारगृह काढायचे, असा त्याचा बेत. रस्ता आता रुंद आहे, दिवे आहेत, राजवाडा पाहायला बाहेरगावची माणसे येतात; त्यांना बसायला जागा हवी. जागा आम्हा दोघा भावांच्या नावावर असल्यामुळे माझी सही लागणार होती.

मी संतापलो. आजोबांच्या दुकानात कॉफी! जिथे तीन पिढ्यांनी सरस्वतीपूजन केले, तिथे लोकांनी खुर्च्या टाकून फेसाळ पेले प्यायचे! पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, दर रविवारी छप्पनला आम्हाला कोण घेऊन जातं?”

यावर मला बोलता येईना. छप्पन दुकान मला मनापासून आवडते. २०२० साली त्याचा कायापालट झाला. ते काम छप्पन दिवसांत उरकले, हे इंदूरकर पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पूर्वी तिथे मोटारसायकलींच्या मधून बशी सांभाळत उभे राहावे लागे. आता वाहने बाहेर, पायांखाली फरशी, बसायला बाके. नातवंडांचा हात सोडला तरी चिंता नाही. तिथली सुधारणा मला सोयीची वाटते, कारण तिथे माझे काही पाडलेले नाही.

तरी मी हटून बसलो. म्हणालो, “भिंत पडली म्हणून दुकान बंद करायचं नसतं.”

तेव्हा इतकी वर्षे गप्प असलेला माझा भाऊ उठला आणि आतून २०१८ ची खातेवही घेऊन आला. म्हणाला, “दादा, तू चिडू नकोस. दुकान भिंत पडल्यानं बंद पडत नाहीये. हे पान बघ.” ते माझ्याच शाळेचे खाते होते. जूनपर्यंतच्या नोंदी होत्या. त्यानंतर पान कोरे.

ते पान कोरे कसे झाले, हे त्या घरात फक्त मला माहीत होते. त्या वर्षी आमच्या शाळेच्या समितीने ठरवले की पाठ्यपुस्तकांचे आणि वह्यांचे संच एकाच पुरवठादाराकडून थेट घ्यायचे आणि शाळेतच वाटायचे. पालकांची पायपीट वाचत होती, थोडी सवलतही मिळत होती. ठरावाखाली माझी सही आहे. त्या वेळी मला भावाचे दुकान आठवले नाही, असे नाही. आठवले, पण घरच्या माणसाची बाजू घेतली असा ठपका नको, म्हणून मी एक शब्दही काढला नाही. उलट आपण किती निःस्पृह आहोत, याचे समाधान घेऊन त्या रात्री झोपलो. भावाला आधी कल्पना द्यावी, एवढे तरी सुचायला हवे होते. हळूहळू आणखी शाळांनीही तोच मार्ग धरला. लाल खूण भिंतीवर नंतर आली. पहिली खूण मी निळ्या शाईने केली होती. आणि ओटल्यावर भाषण देऊन टाळ्याही मीच घेतल्या होत्या.

“तू तेव्हा बोलला का नाहीस?” मी विचारले.

“तू मुख्याध्यापक होतास. मी काय बोलणार?” तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी सही केली. फक्त पुतण्याला एक विनंती केली. अट घालण्याचा अधिकार मला उरला नव्हता. म्हटले, दर्शनी भिंत नव्या रेषेवर बांधू नकोस, तीन फूट आत घे. ती तीन फूट आपल्याच हद्दीतली, तेव्हा रस्त्याचे काही जात नाही. तिथे जिन्याखालच्या त्या फरश्या बसव. त्याने कागदावर हिशेब केला. तळमजल्यावरची दोन टेबले जातात, म्हणाला. महिन्याचा आकडाही सांगितला. आकडा लहान नव्हता. भाऊ म्हणाला, “दोन टेबलं माझ्या वाट्याची समज.” पुतण्या बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिला आणि शेवटी बोलला, “एक हिवाळा बघू.”

तो हिवाळा आता सुरू होतो आहे. गेल्या आठवड्यात फरश्या बसल्या. तीन जुन्या, बाकीच्या नव्या. फरक लांबूनही दिसतो. मागचे काचेचे कपाट पुतण्याने आपण होऊन वर नेले आहे. त्यात काय ठेवणार, असे विचारले तर म्हणाला, “दिवाळी अंक. कॉफी येईपर्यंत लोक वाचतील.” वाचतील की नाही, मला शंका आहे. पण आजोबांच्या काळीही निम्मे लोक फुकटच वाचत होते.

धनत्रयोदशीला आई आली होती. ऐंशी उलटली आहे, गुडघे दुखतात. पण गाडी थेट दारापर्यंत गेली. हे पूर्वी कधी झाले नव्हते. तिने पहिली पणती मधल्या जुन्या फरशीवर ठेवली आणि शेजारी हात फिरवून विचारले, “इथं शेगडी ठेवायला जागा पुरेल का रे त्याला?”

गराडूवाल्यांचा मुलगा समोरच उभा होता. तो पुढे झाला, दोन्ही हातांची वीत टाकून त्याने फरशी मोजली. म्हणाला, “आजी, थोडी कम है. चल जाएगी.”