कापश्याच्या दाढा

कापश्या आमच्या सांगलीच्या घरी आला तो पामेरियन म्हणून. खरं तर तो स्पिट्झ. आपल्याकडे दोघांनाही एकाच नावानं ओळखतात. भडंगाची पुडी सोडल्याचा आवाज त्याला माडीवरही ऐकू जायचा. वडिलांच्या बदलीमुळे साताऱ्याला आलो आणि तो कंदी पेढ्यांचा भक्त झाला.

जवळच संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवल्याची कथा सांगतात. आत्या कापश्याला तिथं नेऊन म्हणायची, “बघ, शीक काहीतरी.” कापश्या घंटागाडीवर भुंकायचा आणि लगेच पलंगाखाली शिरायचा.

चौथ्या वर्षी त्याच्या तोंडाला घाण वास यायला लागला. “कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास येणार?” इति आत्या. सगळी घरं असंच म्हणतात आणि तिथंच फसतात. मग तो भाकरी एकाच बाजूनं चावायला लागला, तुकडा तोंडातून पडायला लागला, रबरी चेंडूवर रक्ताचे डाग दिसले.

डॉक्टर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. नाना सांगली जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रचे, त्यामुळे वडिलांचा या डॉक्टरांवर आधीच विश्वास! डॉक्टरांनी वरचा ओठ उचलला. मागच्या मोठ्या दाढांवर पिवळट-तपकिरी किटण, हिरडीची कड लालभडक. कुत्र्याला बेचाळीस दात, आणि लहान जातींच्या जबड्यात त्यांची दाटी होते. दातांवर काही तासांतच जंतूंचा चिकट थर धरतो. लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांत घट्ट होतो, मग ब्रशनं निघत नाही. हिरडी नुसती सुजलेली असेपर्यंत सगळं पूर्ववत होतं. दाताभोवतीचं हाड झिजलं की ते परत येत नाही. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाला इतकं खेटून असतं, की म्हाताऱ्या कुत्र्याच्या सततच्या शिंकांमागे कधी कधी सडका दात निघतो.

दात साफ करण्यासाठी भूल द्यायला आत्याचा विरोध. पण जाग्या कुत्र्याचे दात वरवर खरवडले तर ते नुसते चमकतात, हिरडीखालची घाण तशीच राहते. रक्त तपासून, भूल देऊन कापश्याचे दात साफ झाले. हलणाऱ्या दोन दाढा काढाव्या लागल्या.

पुढं रोज रात्री बोटाला मलमलची पट्टी गुंडाळून दात घासायचं काम आत्यानंच घेतलं. कोंबडीच्या चवीची पेस्ट त्याला पेढ्याइतकीच आवडायची. उरलेल्या दातांनी तो म्हातारपणीही भाकरी चावून खायचा.

घरी कुत्रं असेल तर त्याचा ओठ उचलून मागच्या दाढा बघा. घासायला सुरुवात पिल्लूपणीच करा, दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झालं. शिजवलेली हाडं देऊ नका. आणि आपली पेस्ट त्याला कधीच वापरू नका: त्याला चूळ भरता येत नाही, फेस पोटात जातो, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं.