स्मायलीने उघडणारं दार

गेले दोन महिने आमच्या पंतनगरच्या घरात दर रविवारी दुपारी घरफोडी चालते. चोर मी आणि माझा भाचा, घरही आमचंच :)

भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला सिक्युरिटीत जायचंय. आता हे पुस्तकं वाचून येत नाही, पोहण्यासारखंच आहे. म्हणून दोन लॅपटॉप, मधे एक लॅन केबल, दोन्हींचं वायफाय बंद. एकावर 'मेटास्प्लॉइटेबल 2', म्हणजे मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं, 2012 साली सरावासाठी फुकट दिलेलं लिनक्स. असलं मशीन बाहेरच्या नेटवर्कला दाखवायचंच नसतं.

पहिलंच भोक भारी निघालं. 21 नंबरच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी 2.3.4. युजरनेमच्या शेवटी :) टाकायचं, पासवर्ड काहीही, की 6200 नंबरचं पोर्ट उघडतं आणि सगळं मशीन तुमच्या हातात! 2011 च्या जुलैत कळलं, की मूळ फाईल बदलून कोणीतरी हे चोरदार घुसवलंय. मंडळी, आपण ब्लॉगवर इतक्या स्मायल्या टाकतो...

"मामा, एवढंच?" भाचा म्हणाला. एवढंच. मग दार बंद कसं करायचं तेही लिहायला लावलं. त्यात त्याला फारसा रस नव्हता. (कोणालाच नसतो.)

चौथ्या रविवारी मात्र तो मोबाईलवरची वायफायची यादी दाखवत म्हणाला, "हे बघ, बिल्डिंगमधल्या कोणीतरी राऊटरचं नावसुद्धा बदललेलं नाही. पासवर्डही कंपनीचाच असणार. बघू का? नुसतं बघतो."

नाही म्हटलं. परवानगीशिवाय नुसतं शिरणंही 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये बसतं, आणि हेतू वाईट ठरला तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद. साहेब फुगले. मग म्हणाला, "आणि उद्या दुसरा कोणी शिरला तर?"

प्रश्न खोटा नव्हता. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत 94 कोटींच्या आसपास रक्कम गेली. चोर परवानगी विचारत बसत नाहीत.

शेवटी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली: राऊटरचा पासवर्ड बदलून हवा असल्यास रविवारी संध्याकाळी सांगा. आतापर्यंत तीन घरं झाली, प्रत्येक घरी चहा. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना पासवर्डचं काही नव्हतं, त्यांना फोनवर अक्षरं मोठी करून हवी होती. भाच्याने तीही करून दिली.