सोडायचा हात

पतंगात तरबेज असलेला मुलगा काईट, म्हणजे माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा मोठा पतंग, शिकायला आला की मला आधी धास्तीच वाटते. ज्याने आयुष्यात फिरकीला हात लावला नाही, तो बरा. शहापूर-मुरबाडकडे भात झोडून झालं, खाचरं मोकळी झाली की पोरं पतंग घेऊन शेतात उतरतात. त्यांची बोटं मांज्याने चिरलेली असतात आणि त्या चिरांचा त्यांना अभिमान असतो. मलाही होता, खरं तर अजून आहे. माझ्या तर्जनीच्या पेरावर पांढरा वण आहे, साध्या सुती मांज्याचा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तेव्हापासून मी तो जरा जास्तच मिरवतो.

या हातांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: सुटला तो गेला. ढील देतानासुद्धा दोरा बोटांतून सरकत असतो, बोटं त्याला सोडत नाहीत. आणि काईटवर जिवाची सगळी भिस्त असते ती नेमकी सोडण्यावर. बार, म्हणजे हातातली दांडी, अंगाकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणतात, काईट वाऱ्याला जास्त अंग देतो, ओढ वाढते. बार सोडला की तो दोरीवरून वर सरकतो, काईट ढिला पडतो. एवढंच आहे ते. पण माणूस घाबरला की मूठ आवळतो आणि कोपर दुमडतो. म्हणजे ओढ वाढली म्हणून तो घाबरतो, घाबरला म्हणून बार ओढतो, ओढला म्हणून आणखी फरफटतो. त्यातही वाईट म्हणजे अर्धा सोडणारा. एक हात सुटलेला, दुसरा चिकटलेला. मग बार तिरका होतो, काईट गिरकी घेऊन वाऱ्याच्या ऐन मध्यातून खाली येतो आणि माणसाला उचलूनच नेतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बारा नॉटच्या वाऱ्यात एकाएकी वीसचा झोत अंगावर घेणं वेगळं.

मी काईट शिकलो गोव्यात, मोरजी आणि आश्वेच्या किनाऱ्यावर. गेलो होतो हॉटेलातल्या कामाला. दुपारी रशियन पाहुणे काईट फुगवायचे, ते धरायला कोणीतरी लागायचं. तो कोणीतरी मी झालो. फेब्रुवारीपासून पावसाळ्याआधीपर्यंत तिथे दुपारचा वायव्येचा वारा येतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे हा वारा तिरका, जमिनीकडे लोटणारा असतो. नवख्याला असाच वारा हवा. सकाळचा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा कितीही मऊ लागला तरी त्यात काईट फुगवायचा नाही, कारण परत आणणारं कोणी नसतं. हंगाम संपला की मी गावी यायचो. पुढे भाताच्या मोकळ्या खाचरांत पोरांना छोट्या, दोन दोऱ्यांच्या काईटवर शिकवायला लागलो. पाण्यावरचं पुढचं सगळं मोरजीत.

गावाकडे प्रत्येक जण विचारतो, "भातसा धरण आहे ना, मग गोव्याला कशाला?" भातसा आहे, तानसा आहे, तानसाचं धरण तर 1892चं. पण ते पाणी मुंबईच्या नळांचं. ते अडवलेल्या आमच्याच तालुक्यात एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकर फिरतात. त्यावर मी बोलायला लागलो की थांबत नाही, म्हणून सोडतो. माझ्यापुरतं कारण वेगळंच आहे. चहूबाजूंनी डोंगर असले की वारा तुटक येतो. टेकडीच्या आडोशाला मेलेला, खिंडीच्या तोंडाशी पिसाळलेला. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते. कड्यावर आपटून वर चढणारा वारा पडतं पाणी परत वर फेकतो, आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात. मला तो बघून एकच वाटतं, जो वारा पाणी उचलतो तो माणूस उचलायला मागेपुढे बघणार नाही. सपाट शेतातही एप्रिलच्या भर दुपारी वावटळ उठते. काईट आधी लुळा पडतो, आणि पुढच्या क्षणी कुठल्या बाजूने हिसका बसेल ते सांगता येत नाही. म्हणून जमीन तापायच्या आत काईट खाली. विजेच्या तारा दिसतील त्या शेतात तर पाऊलही टाकायचं नाही, मग ते शेत सख्ख्या काकाचं का असेना.

पण हे सगळं सांगून समजतं. सोडणं सांगून समजत नाही.

त्यासाठी मी काय काय केलं! ओरडून बघितलं, शिट्टी वाजवली, खांद्यावर टिचकी मारली. मी "सोड" म्हणतो आणि मूठ उघडते, या दोन्हींच्या मधला क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. जेवताना मी लोकांच्या हाताकडे बघत बसतो. कोण घास कसा धरतो, ग्लास खाली ठेवल्यावर बोटं किती वेळ तिथेच रेंगाळतात. बायको म्हणते, वेड लागलंय. पोर तयारीत असताना सोडतं, त्याला काही अर्थ नाही. काईट सुरेख उडत असताना, त्याचं मन तिकडे रमलेलं असताना सोडायला हवं. शेवटी एक युक्ती सापडली: उडवताना पाढे म्हणायला लावायचे. सतराचा, एकोणिसाचा. तोंड कामाला लागलं की मूठ आपोआप सैल होते आणि "सोड" थेट हातात शिरतं. मुरबाडच्या बाजूच्या पोरांना मी आणखी एक सांगतो, बैल उधळला तर कासरा मनगटाला गुंडाळलेला नसावा. त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. ठाणे-मुंबईचा पाहुणा मात्र कासरा म्हणजे काय ते विचारतो.

बार सोडणं ही तर पहिली पायरी. त्याने भागलं नाही तर कमरेजवळची क्विक रिलीज पुढे ढकलायची, म्हणजे काईट एका दोरीवर लोंबकळत विझतो. तेही पुरलं नाही तर लीश, म्हणजे अंगाला बांधलेली ती शेवटची दोरीही सोडायची आणि काईट जाऊ द्यायचा. इथे हात अडतो तो भीतीने नाही, पैशाने. मोटारसायकलच्या किमतीची वस्तू डोळ्यांदेखत समुद्रात सोडायची! होडीवाले नंतर आणून देतात, नाही दिली तर दुसरी घेता येते, हे मी शंभर वेळा सांगतो. तरीही शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंमत दिसतेच.

पूर्वी तर सोडूनही सुटका नव्हती. फुगवायचा, पाण्यातून परत उठणारा काईट फ्रान्सच्या लगेन्यू भावांनी 1984 साली पेटंट केला. खेळ पसरला नव्वदीच्या शेवटी. त्या काळचे काईट बार सोडला तरी पूर्ण विझायचे नाहीत. सपाट धनुष्यासारखे काईट 2005च्या सुमारास आले आणि सोडण्याला खरा अर्थ आला. क्विक रिलीजसाठी आंतरराष्ट्रीय मानक यायला तर 2020 उजाडलं. म्हणजे माणसं आधी उडाली आणि सोडायची सोय मागून आली. जुने लोक त्या काळाच्या गोष्टी सांगताना फुशारतात. मला त्यात फुशारण्यासारखं काही दिसत नाही. पण मीही ऐकतो, आणि ऐकताना मान हलवतो.

आता दोन दिवसांत बोर्डवर उभं करून देणारे आलेत. पहिल्या दिवशी दुपारीच पायात बोर्ड, कारण फोटो बोर्डवर चांगला येतो. बोर्डाशिवाय नुसतं पाण्यातून ओढत जाणं, म्हणजे बॉडी ड्रॅग, हे त्यांना वेळ घालवणं वाटतं. बोर्ड हातून निसटला तर परत त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हे त्याशिवाय कसं कळणार? पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली काईट पहिल्यांदा आला. मार्सेच्या समुद्रात फॉइलवर, म्हणजे बोर्डाखालच्या पंखावर, माणसं पाण्याच्या वर तरंगत सुसाट गेली, ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुसने सोनं घेतलं. मी ते बघितलं. बघताना अंगावर काटा आला, आणि दुसऱ्या दिवसापासून "फॉइल शिकवता का?" असं विचारणाऱ्यांचा रागही आला. थोडा मत्सरही असेल. मला फॉइल जमत नाही.

आणि आता माझ्या उजव्या हाताची अनामिका अडकते. सकाळी उठलं की वाकलेलीच राहते. डाव्या हाताने सरळ करायला गेलं की कट् असा आवाज येतो आणि सुटते. डॉक्टर म्हणाले, स्नायूची दोरी ज्या नळीतून जाते ती नळी जाड झाली आहे. इंजेक्शन घ्या, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. मी म्हटलं, हंगाम संपल्यावर बघू. कामाच्या वेळी बोट बहुतेक ठीक असतं. पण गार पाण्यात तास-दीड तास बार धरला की परत आकडा होतो. सगळ्यांना मूठ उघडायला लावणाऱ्या माणसाच्या मुठीतलं एक बोट उघडत नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

भाचीच्या ते लक्षात आलं. ती किन्हवलीच्या कॉलेजात शिकते. पतंग कधी उडवला नाही तिने, भावांनी उडवू दिला नाही. ती सोडायला इतकी पटकन शिकली की मला आधी आनंद झाला आणि मग बोचलं. तिच्यात मला शिकवायला काही उरलंच नव्हतं, आणि माझ्या वणाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. उलट ती जास्तच लवकर सोडायची. जरा झोत आला की हात उघडे, काईट पाण्यात. मी म्हटलं, "अगं, थोडं धरून बघ की." ती म्हणाली, "मामा, तू दोन दिवस सोड म्हणून ओरडतोस आणि आता धर म्हणतोस?" तिला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. किती धरायचं हे मला ठाऊक आहे, पण ते बोटांना ठाऊक आहे. आणि त्यातलं एक आता बिघडलंय.

मग मोरजीला एका दुपारी तिने मला काईट फुगवू दिला, हार्नेस बांधू दिला आणि म्हणाली, "आधी बार तीनदा सोडून दाखव. रिलीजही." दुसऱ्या वेळी बोट अडकलं. ती काही बोलली नाही, नुसतं बोट वर करून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. आता दररोज पाण्यात उतरण्याआधी ही परीक्षा असते आणि ती पास झाल्याशिवाय ती मला काईट धरून देत नाही. आजूबाजूला शिकणारे उभे असतात. मी त्यांच्याकडे पाठ करतो आणि जरा मोठ्याने बोलतो, "असं, बघ, असं सोडायचं," म्हणजे त्यांना वाटावं, मामा भाचीला शिकवतोय.