वरवट बकाल ते मुक्तागिरी : एका दिवसाच्या यात्रेचा हिशेब

प्रवासाचा दिवस कोठून मोजावयास आरंभ करावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. बहुतेक घरांत निघण्याची वेळ आधी ठरते. "सकाळी सातला निघू," असे कोणी म्हणतो, बाकीचे मान डोलावतात आणि बेत पक्का होतो. परतीचा विषय निघालाच तर "येऊ की रात्रीपर्यंत" एवढ्यावर मिटतो. घरातील आजी मात्र हळूच विचारते, "अंधार पडायच्या आत घरी आणशील ना रे?" एका दिवसाच्या यात्रेचे सारे नियोजन खरे तर आजींच्या या प्रश्नात सामावलेले असते. जो प्रवास त्याच दिवशी संपवावयाचा आहे, त्याचा हिशेब सूर्यास्तापासून मागे मोजत यावा, हे उत्तम. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या कुटुंबाला तर दुसरा मार्गच नाही.

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेस पूर्णेचे खोरे आणि पूर्णेपलीकडे शेगाव. शेगाव, जळगाव जामोद आणि तेल्हारा या तिन्ही दिशांचे रस्ते येथून फुटतात. येथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे तीर्थ कोणते, असे विचारले, तर मुक्तागिरीचे नाव सहज ओठांवर येते. प्राकृत निर्वाणकांडात अचलपूर नगराच्या ईशान्येस मेढगिरी शिखर असल्याचा आणि तेथून साडेतीन कोटी मुनी निर्वाणास गेल्याचा उल्लेख आहे. ते अचलपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे अचलपूर आणि तो मेढगिरी म्हणजेच मुक्तागिरी, अशी परंपरा आहे. कित्येक शतकांपूर्वीच्या त्या वचनाने यात्रेकरूला दिशासुद्धा सांगून ठेवली आहे. वाहनाच्या काचेजवळ लावलेला मोबाइल आज तीच दिशा दाखवितो.

मार्ग असा. वरवट बकालहून तेल्हारा, तेथून अकोट, पुढे अंजनगाव सुर्जी, मग परतवाडा आणि परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याने खरपीकडून मुक्तागिरी. तेल्हाऱ्यापर्यंत वीसेक किलोमीटर, अकोटपर्यंत आणखी तीसेक, अंजनगावपर्यंत पंचवीस-तीस, परतवाड्यापर्यंत पुन्हा तीसेक आणि शेवटचा टप्पा सुमारे चौदा किलोमीटरचा. एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्या अंतरात बुलढाणा, अकोला आणि अमरावती हे तीन जिल्हे ओलांडून प्रवासी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात पोहोचतो. या गावांना पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे नाही. अकोला-अकोट लोहमार्ग ब्रॉडगेज झाला असला, तरी तो दक्षिणोत्तर जातो. म्हणून हा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो.

या रस्त्याचा स्वभाव ओळखल्याशिवाय वेळेचा अंदाज चुकतो. सातपुड्यातून उतरणारी प्रत्येक नदी दक्षिणेकडे पूर्णेला मिळावयास धावते आणि हा रस्ता डोंगराच्या पायथ्याला समांतर जातो. साहजिकच वाटेत एकामागून एक नद्या आडव्या येतात. तेल्हाऱ्याच्या अलीकडे वान, अंजनगावजवळ शहानूर, अचलपूर-परतवाड्याच्या परिसरात सापन आणि बिच्छन, शिवाय लहानमोठे नाले कितीतरी. उन्हाळ्यात यांतील अनेक पात्रे कोरडी दिसतात, मात्र डोंगरात जोराचा पाऊस झाला, की खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी येते. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी ओढ्या-नाल्यांचे रौद्र रूप पाहिले आहे. पावसाळ्यात मुक्तागिरीचा धबधबा मनोहर दिसतो हे खरे. तथापि सकाळी ओलांडलेला पूल संध्याकाळी मोकळा असेलच, याची हमी त्या दिवसांत कोणी देऊ शकत नाही.

दुसरी बाब जमिनीची. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. तिच्यावरचा डांबरी रस्ता कितीही नीट केला, तरी काही काळाने लाटांसारखा होतो. वेगात असलेल्या गाडीतील मागच्या बाकावरच्या ज्येष्ठांच्या कमरेला तो सर्वांत आधी जाणवतो. तिसरी बाब हंगामाची. दिवाळीनंतर कापूस घरी येऊ लागला, की अकोटच्या बाजाराकडे जाणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याच्या कडेने संथपणे चालतात. पुढे अंजनगाव-अचलपूर भागात संत्र्यांची वाहतूक सुरू असते. दिवसा या दृश्याने डोळे निवतात. अंजनगावच्या परिसरातील पानमळे आणि केळीच्या बागा पाहून मुलांना प्रश्न सुचतात. अंधार पडल्यावर मात्र मागचा दिवा नसलेली ट्रॉली दिसते, ती अगदी जवळ गेल्यावर.

यावर काही जण शेगाव, अकोला, अमरावती असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ सुचवितात. याच महामार्गावर अमरावती ते अकोला यांदरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीज विक्रम नोंदविला गेला होता. रस्ता प्रशस्त आहे, यात शंका नाही. परंतु त्या वळशाने एका बाजूचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. चांगल्या रस्त्याने वाचलेला वेळ वाढीव अंतर गिळून टाकते आणि इंधनाचा खर्च वाढतो तो वेगळाच. पायथ्याचा रस्ता साधा असला, तरी एका दिवसाच्या यात्रेस तोच योग्य.

आता वेगाचा विचार. दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यांवर मोटारीसाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये ठरविलेली कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. त्यावरून "सव्वाशे किलोमीटर म्हणजे दोन तास" असे गणित मांडले जाते. ते फसवे आहे. गावांतील वस्ती, गतिरोधक, बाजाराचा दिवस, रस्त्यावर आलेली गुरे हे सारे धरता सरासरी ताशी चाळीसच्या वर जात नाही. म्हणजे तीन तास गाडीचे आणि अर्धा तास थांबण्याचा, असे साडेतीन तास जाण्यास लागतात व तितकेच येण्यास.

डिसेंबरअखेर या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. आता मागे मोजत यावे. सूर्यास्तापूर्वी एक तास राखीव ठेवावयाचा, म्हणजे पावणेपाचला घरी पोहोचले पाहिजे. त्यासाठी सव्वाला मुक्तागिरी सोडावी लागेल. सकाळी सातला निघालेली गाडी साडेदहाला पोहोचते. हातात उरतात पावणेतीन तास. त्यांतून भोजनाचा पाऊण तास वजा केला, की दर्शनाला दोन तास. ज्याला दिवस मोठा वाटत होता, त्याच्या हाती प्रत्यक्षात एवढेच शिल्लक राहते.

राखीव ठेवलेला तो एक तास अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो. पंक्चर, रेल्वे फाटक, मुलाला लागलेली गाडी, वाटेत भेटलेले नातेवाईक यांपैकी एखादे कारण तो तास मागून घेतेच. काहीच घडले नाही, तर घरी शांतपणे हातपाय धुऊन दिवस असतानाच भोजन होते. संसारात जसे अडीअडचणीला चार पैसे बाजूला ठेवतात, तसा हा तास बाजूला ठेवावा आणि चिखलदऱ्यासाठी तो खर्चू नये. चिखलदऱ्याचा मोह परतवाड्यात हटकून होतो. "एवढे आलोच आहोत तर" या शब्दांनी त्याची सुरुवात होते. सुमारे ११०० मीटर उंचीवरील ते थंड हवेचे ठिकाण रमणीय आहे, पण घाटाचा रस्ता जाऊन येऊन दोन-अडीच तास खातो. वरील हिशेबात तेवढे तास कोठेच नाहीत. चिखलदऱ्यासाठी निराळा दिवस काढावा.

भोजनाची व्यवस्था हा यात्रेतील नाजूक भाग. ज्यांना नवकारसीचा नियम आहे, त्यांची न्याहारी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे तेल्हाऱ्याच्या पुढेमागे होईल. खाकरे, दशम्या आणि घरचे पाणी बरोबर असले, की त्यासाठी उपाहारगृह शोधावे लागत नाही. मुक्तागिरीच्या पायथ्याशी धर्मशाळा आणि भोजनालय आहे. किती जण येणार हे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून कळविल्यास तेथील मंडळींचीही सोय होते. संध्याकाळचा डबाही सकाळीच भरून घ्यावा. उशीर झालाच, तर अकोटच्या आसपास एखाद्या झाडाच्या सावलीत उजेड असतानाच जेवता येते आणि पोहोचण्याच्या घाईने कोणी गाडी दामटत नाही.

डोंगरावर बावन्न मंदिरे आहेत. वर जाण्यास सुमारे अडीचशे पायऱ्या चढाव्या लागतात आणि मंदिरांच्या ओळीतून फिरून पुन्हा उतरावे लागते. दरीच्या कुशीतील पांढरीशुभ्र शिखरे, मधून कोसळणारा प्रपात आणि पार्श्वनाथ भगवंतांच्या मंदिरातील शांतता यांना घड्याळ लावून भेट देणे मनाला रुचत नाही. म्हणूनच वेळेची काटकसर वाटेत करावी, तीर्थावर करू नये. तेल्हाऱ्यात चहाला थांबलेली वीस मिनिटे आणि अकोटच्या बाजारात गेलेला अर्धा तास शेवटी दर्शनातून वजा होतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीची चौकशी आधीच करावी. ज्यांना सर्व मंदिरे चढून पाहणे शक्य नाही, त्यांच्याजवळ पायथ्याशी घरातील एक जण थांबेल, हेही घरीच ठरवून निघावे.

ऋतूची निवड केल्यास हिशेब बराच सैल होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्य साडेसहाच्या थोडा आधी मावळतो, म्हणजे डिसेंबरपेक्षा पाऊण तासाच्या आसपास अधिक मिळतो. ऊनही अजून कडक झालेले नसते. एप्रिल-मेमध्ये दिवस मोठा असतो, पण दुपारच्या दगडी पायऱ्या अनवाणी पायांना सोसत नाहीत. पावसाळ्याचे सांगून झालेच आहे. घरात दहावी-बारावीचा परीक्षार्थी नसेल, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा.

गाडीची तयारी आदल्या रात्री व्हावी : इंधन, चाकांतील हवा, जादा चाक आणि दिवे. भाड्याची गाडी असल्यास मध्य प्रदेशात जाण्याचा परवाना आणि कर यांची विचारणा ठरवितानाच करावी. सीमेवर गाडी अडली, तर राखीव तास तेथेच संपतो. मागच्या बाकावर बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टा बांधला नव्हता, ही गोष्ट देशभर चर्चिली गेली. रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत.

सूर्यास्ताचा एवढा आग्रह कशासाठी, असे तरुण मंडळी विचारतील. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली. वर्षानुवर्षे सर्वाधिक अपघात होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत. त्या वेळी चालक दिवसभराच्या श्रमाने थकलेला असतो, प्रकाश अपुरा असतो आणि प्रत्येकाला घरी पोहोचण्याची घाई असते. सूर्यास्तापूर्वी भोजन करावे, हा नियम अहिंसेच्या भावनेतून आला. जो प्रवासी तो मनापासून पाळतो, तो या वेळी आपोआप घरात असतो. जीवदयेच्या त्या विचारात स्वतःच्या कुटुंबातील जीवही येतात.

इतके करूनही एखादे दिवशी वेळ हुकते. दीड वाजून गेला, दर्शन उरले आहे आणि आजी पायऱ्यांवर विसाव्याला बसल्या आहेत, असे होऊ शकते. अशा वेळी दर्शन घाईने उरकून गाडी भरधाव सोडू नये किंवा रात्री उशिरा पोहोचू अशी मनाची समजूतही घालू नये. धर्मशाळेत मुक्काम करावा. त्यासाठी सकाळी निघतानाच प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, ज्येष्ठांची रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची औषधे, तसेच ओळखपत्र पिशवीत असावे आणि शेजाऱ्यांना "कदाचित उद्या येऊ" असे सांगून ठेवावे. दुकान किंवा नोकरी असणाऱ्यांनी शक्यतो रविवारऐवजी शनिवार निवडावा, म्हणजे मुक्काम पडला तरी सोमवार बुडत नाही. दुपारी दोनपर्यंत मुक्तागिरी सुटली नाही, तर त्या दिवशी निघावयाचे नाही, हे घरातील सर्वांनी आदल्या रात्रीच एकमताने ठरवावे. तीर्थावर ते ठरवावयास बसले, की वाद होतात आणि त्यात आणखी अर्धा तास जातो.