मित्रांनो, निकाल देण्याआधी ऐकून घ्या

विरोधकाच्या टीकेला उत्तर देता येते. पण जवळच्या मित्राने न ऐकताच निकाल दिला की माणूस आतून मोडतो. सामाजिक काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. एखाद्या कार्यकर्त्यावर आरोप होतो आणि त्याचेच सोबती मत ठरवून बैठकीला येतात. "काहीतरी केलेच असेल, उगाच कोण बोलेल?" एवढाच काय तो पुरावा!

आम्ही बौद्ध आहोत. तरीही या प्रश्नावर बायबलमधील ईयोबाचे पुस्तक कार्यकर्त्यांनी वाचावे असे आम्हाला वाटते. ४२ अध्यायांच्या या पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे ईयोब आणि त्याच्या मित्रांमधला वाद. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. इथपर्यंत त्यांनी मैत्री निभावली.

ईयोब बोलू लागला आणि सारे बिघडले. मित्रांचा सिद्धांत तयारच होता: देव न्यायी आहे, म्हणजे जो भोगतो तो पापी. पूर्वकर्माच्या नावाने आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या हेच ऐकवले गेले. बिल्दद तर मेलेल्या मुलांवरही पापाचा ठपका ठेवतो. २२व्या अध्यायात अलीफज सांगतो की, ईयोबाने विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवले, तहानलेल्याला पाणी दिले नाही. साक्षीदार मात्र एकही नाही! सिद्धांत वाचवण्यासाठी मित्राच्या नावावर गुन्हे रचले गेले.

ईयोबाची मागणी काय होती? माझे कुठे चुकले ते दाखवा, मी गप्प बसतो. माझ्या तोंडाकडे पाहून बोला. माझे पूर्ण ऐका, मग हवी तर थट्टा करा. ३१व्या अध्यायात तर तो आरोप लेखी मागतो. आपल्या बाजूने बोला, असे तो म्हणत नाही. त्याच अध्यायात तो सांगतो की, दास-दासींची तक्रार आपण कधी धुडकावली नाही. दास ठेवणारी ती व्यवस्था आम्हाला मान्य नाही, पण मुद्दा मोलाचा आहे. सुनावणी मागणाऱ्याने आपल्याहून दुबळ्याला ती दिलेली असली पाहिजे. म्हणून एखाद्या भगिनीने कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार केली, तर "आपला माणूस आहे" म्हणून ती दाबणे हाही अन्यायच.

शेवटी देव रागावतो तो त्याची वकिली करणाऱ्या मित्रांवर. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो तो ईयोबच. म्हणजे कठोर वादानंतरही मैत्री उरू शकते.

आपल्या संघटनांमध्ये एवढे तरी ठरवूया: आरोप नेमका आणि लेखी असावा, दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्यात आणि तोपर्यंत कोणीही निकाल सांगत फिरू नये.